मागीलदारच्या शेडमधलं ऑफिस: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः पत्र्याविषयी

जानेवारीत काम सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, महिन्याभरात सगळं लिहून मोकळी होईन. बरं झालं लिहिलं नाही. एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर ज्या फोमच्या शीटला मी आज नावं ठेवणार आहे, तिचीच भरभरून स्तुती केली असती.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, देवरुखजवळ. मी पुण्यातल्या एका कार्यालयासाठी घरून हिशेबाचं काम करते. घरात दोन लहान मुलं आणि सासूबाईंचा दिवसभर चालणारा टीव्ही. म्हणून मागीलदारची लाकडाफाट्याची शेड रिकामी केली. दहा बाय बारा, कमरेपर्यंत जांभ्याचे चिरे, वर पत्रा. जमिनीला कोबा, एक सरकती खिडकी, घरातून जमिनीखालून पाइपात घातलेली वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. वायरमन आरसीसीबी नको म्हणत होता, ‘कशाला उगाच खर्च’. पण ओल्या जमिनीवर बसून काम करायचं असेल तर हा खर्च टाळूच नका. टेबल जुनं होतं, खुर्ची सेकंडहँड. एकूण ५८ हजारांत भागलं. देवरुखात खोली भाड्याने घेतली असती तर दीड वर्षात तेवढे गेले असते.

आता छप्पर.

मार्चमध्ये पत्रा इतका तापायचा की दुपारी अकरानंतर आत बसवत नव्हतं. दुकानदाराने चंदेरी पापुद्र्याची १० मिलिमीटरची फोम शीट सुचवली. १६८ चौरस फूट, ३२ रुपये दराने, बसवण्यासह ५,३७६ रुपये. ‘उष्णता अडेल आणि पावसाचा आवाजही निम्म्यावर येईल’ हे त्याचे शब्द. उष्णता खरोखर अडली. एप्रिल-मे एका पंख्यावर निघाला, त्यामुळे मी चार ओळखीच्यांना त्याचं दुकान सांगितलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि पहिल्याच सरीत कळलं की आवाज तसूभरही कमी झालेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हा चार दिवसांचा त्रास नव्हे. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), २० तारखेला थ्रीबी (कर भरायचं रिटर्न), या शेवटच्या तारखा. त्या दिवसांत पक्षकारांशी सतत फोन. जुलैत एकाने खरेदीचं बिल सांगितलं सत्तर हजारांचं, मी लिहिलं सतरा हजार. रात्री ताळा जमेना म्हणून परत फोन केला तेव्हा चूक सापडली. रिटर्न भरल्यावर सापडली असती तर? मला रडू आलं होतं, खरं सांगते.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘मॅडम, कोकणात पत्र्याला आवाज येणारच.’ मग निम्म्यावर येईल असं का सांगितलंत? त्याचं उत्तर नाही. बिलावर आवाजाचा उल्लेख नाही, म्हणजे माझ्या हातात काही नाही. तीन आठवडे पाठपुरावा केला. शेवटी उरलेली न फोडलेली एक गुंडाळी परत घेतली, तीही पैसे कापून. तोंडी सांगितलेलं बिलावर लिहून घ्या, नाहीतर ते ऐकलंच नाही असं समजा.

मायक्रोफोनवाला चांगला हेडसेट घेतला. समोरच्याला माझं स्पष्ट ऐकू जायला लागलं, पण मला समोरचा ऐकू येईना.

उत्तर सापडलं शेजारच्या गोठ्यात. भर पावसात दूध आणायला गेले होते, फोन वाजला, उचलला, आणि मी नेहमीच्या आवाजात बोलत होते! वर पाहिलं, तर सिमेंटचा पत्रा. आमचा लोखंडी पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, तो सहाचा आणि कितीतरी जड. पातळ पत्रा प्रत्येक थेंबाला ताशासारखा थरथरतो. खालून हलका फोम चिकटवून ती थरथर थांबत नाही, कारण फोमला वजनच नसतं. पत्रा तरी जड हवा होता, नाहीतर थेंब वरच अडवायला हवा होता.

पत्रा बदलायचा तर खालचा सांगाडाही मजबूत करावा लागत होता, वेल्डिंगवाल्याने १८ हजार सांगितले. सासूबाई म्हणाल्या, ‘वर चार झापं टाक की. आमच्याकडे गोठ्यावर टाकायचे.’ माडाच्या झावळ्यांची विणलेली आठ झापं निम्म्या छपरावर टाकली. टेबलाच्या बाजूला सर ऐकू येत होती, पण बोलणंही ऐकू येत होतं. उरलेल्या निम्म्या भागात तोच कडकडाट. एकाच खोलीत चार पावलांवर दोन वेगळे पाऊस.

पण झापं कुजतात, पन्हळीत कचरा साठतो, पाणी धरून पत्रा गंजतो. म्हणून कायमचं म्हणून रोपवाटिकेत लावतात ती हिरवी शेडनेट आणली, ७५ टक्के ऊन अडवणारी. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांवर, पत्र्यापासून फूटभर उंच, दुहेरी ताणून बांधली. थेंब जाळीवर फुटतो, बारीक होऊन खाली पडतो. २,६०० रुपये. त्याआधी पत्र्याचे सगळे स्क्रू आवळून घेतले, रबरी वॉशर निघालेले अकरा स्क्रू बदलले. सैल पत्र्याचा खडखडाट वेगळाच असतो आणि तो फुकटात जातो.

आवाज बंद झाला का? नाही. धो-धो पावसात अजूनही हेडसेट लागतो. पण ऑगस्टच्या २० तारखेला सगळे आकडे पहिल्याच फोनवर बरोबर उतरले. बाहेर पागोळ्या धरल्या होत्या आणि पुण्याहून विचारत होते, पाऊस थांबला का तिकडे.

बाकीचं थोडक्यात. चिऱ्याच्या भिंतींतून आणि पत्र्यातून घरातलं वायफाय येत नाही. घरातून तांब्याची लॅन केबल ओढली होती, मे महिन्यातल्या वळवाच्या विजेत राउटरचा पोर्ट जळला. आता मधे फायबरची तयार केबल आहे, काचेतून वीज येत नाही. प्लायवूडला वाळवी लागली, कप्पे सिमेंट बोर्डचे केले. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद केली आहे, कारण पावसाळ्यात जनावर (साप) आत येतं. फायलींना बुरशी येते, त्यावर अजून इलाज सापडलेला नाही.

जाळीचा एक कोपरा जुलैच्या वाऱ्यात फाटला होता. या वेळी नायलॉनऐवजी काथ्याच्या दोरीने बांधलाय. ऑक्टोबरात जाळी काढणार नाही, उन्हाळ्यात तीच सावलीला राहील. जाळी आधी लावली असती तर फोम कदाचित लागलाही नसता.