फिल्म स्कॅनर आणि जुन्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

खोक्यावर ६४०० डीपीआय (म्हणजे इंचाला किती ठिपके टिपतो) असं ठसठशीत छापलेलं असतं. तो आकडा मनातून काढून टाका आणि मग हा स्कॅनर खुशाल घ्या.

सपाट काच, झाकणात दिवा आणि फिल्म धरायला प्लॅस्टिकचे होल्डर, असा हा घरगुती फिल्म स्कॅनर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या तक्रारी या किमतीतल्या कुठल्याही स्कॅनरबद्दल ऐकू येतात. माझं काम मात्र जरा वेगळं आहे. लग्ना-मुंजीचे फोटो नाहीत, तर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ड्रॅग रेसिंगच्या जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड. पोमोनाला जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, तिथे त्या बुटांच्या खोक्यांतून विकायला असतात. फोटोत कोणती गाडी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, घेणाऱ्यालाही नसतं. ते हुडकून काढणं हाच माझा रविवारचा उद्योग.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल म्हणजे १३२० फूट, आधी पोचेल तो जिंकला. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीचा घाट डोळ्यांसमोर आणा, बैलांच्या जागी क्रायस्लरचं इंजिन ठेवा. १९५० साली सी. जे. हार्ट यांनी सँटा ॲनाच्या विमानतळावर शर्यती सुरू केल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पोरांनी हौसेपायी घरची गॅरेजं विकायला काढली म्हणा ना. फोटो भरपूर निघाले. नावं लिहून ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता मुद्द्याचं. स्कॅनर का लागतो, प्रिंटवरून काम का भागत नाही?

त्या काळी गाडीचा वर्ग आणि क्रमांक बऱ्याचदा खिडकीच्या काचेवर पांढऱ्या बूट पॉलिशने लिहायचे. कॅलिफोर्नियाच्या दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोच्या प्रिंटवर तिथे नुसता पांढरा डाग दिसतो. निगेटिव्हमध्ये तोच भाग सगळ्यांत गडद असतो आणि त्या गडदपणात बारीक फरक शिल्लक असतात. प्रिंट करणाऱ्याने चेहरे नीट यावेत म्हणून ते घालवलेले असतात, स्कॅनर ते परत मिळवून देतो. माझ्याकडच्या एका पट्टीवर एक काळपट कूप गाडी आहे, नाक वर उचललेलं, मागची चाकं रुंद. सोबत आलेल्या प्रिंटमध्ये दाराची काच कोरी आहे. निगेटिव्ह १६ बिटमध्ये स्कॅन केली, सॉफ्टवेअरमधली उजळ-गडदपणा ठरवणारी रेघ (कर्व्ह) उजेडाकडच्या बाजूला हळूहळू खाली ओढली, आणि काचेवर तिरक्या अक्षरात ‘बी/जी’ उमटलं. म्हणजे गॅस वर्ग: पेट्रोलवर पळणारी, मूळ रस्त्यावरच्या गाडीपासून बनवलेली. पुढचं ‘बी’ गाडीच्या वजनाला इंजिनाच्या घन इंचांनी भागून ठरायचं. एवढ्या एका अक्षराने निम्मा शोध संपतो.

स्लाइडचं गणित उलट. तिथे उजेडात उडालेलं गेलंच, ते कुठलाही स्कॅनर परत आणत नाही. अंधारातलं मात्र थोडंफार निघतं. कोडॅक्रोमच्या (ही कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) गडद सावल्यांत हा स्कॅनर दमतो, दाणे दिसायला लागतात आणि रंग निळसर होतो. एकच स्लाइड कमी-जास्त एक्स्पोजरला दोनदा स्कॅन करून जोडली की काम चालतं. वेळखाऊ आहे, पण टायरच्या बाजूवरचं ‘एम अँड एच’ हे कंपनीचं नाव वाचायचं असेल तर दुसरा इलाज नाही.

धूळ घालवायचं स्वयंचलित बटण या कामात शत्रू समजा. ते इन्फ्रारेड किरणांवर चालतं. रंगीत निगेटिव्हमधून हे किरण आरपार जातात आणि फक्त धूळ अडते, म्हणून तिथे ते छान चालतं. कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमा चांदीची असते आणि चांदीच किरण अडवते. मग बटणाला अख्खा फोटोच धूळ वाटतो. कोडॅक्रोमवरही ते बिनसतं: स्पार्क प्लगच्या वायरी, चाकांचे आरे, असल्या बारीक काळ्या रेषा खाऊन टाकतं. आणि ओळख नेमकी त्याच रेषांवर होते. हेमी इंजिन (क्रायस्लरचं, अर्धगोल ज्वलनकक्षांचं) असेल तर प्लगच्या वायरी व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध आत शिरताना दिसतात. ती रांग पुसली गेली की कपाळ बडवत बसायचं. बटण बंद ठेवा, फुंकणी आणि मऊ ब्रश वापरा.

डीपीआयचं म्हणाल तर ३५ मिलीमीटरची एक चौकट २४०० ला साधारण ७७ लाख पिक्सेलची होते, १६ बिट रंगीत फाइल ४६ एमबीच्या आसपास. ६४०० ला तीच सव्वातीनशे एमबीच्या वर जाते. दोन्ही शेजारी लावून दारावरची अक्षरं पाहिली. जे २४०० ला वाचता येत नाही ते ६४०० लाही येत नाही, फक्त न वाचता येणारं मोठं दिसतं. हार्ड डिस्क तेवढी भरते.

अजून एक फायदा खरेदी करताना माझ्या डोक्यातही नव्हता. प्रिंटमध्ये कडा छाटलेल्या असतात, निगेटिव्हमध्ये पूर्ण चौकट मिळते. आणि या कामातले बहुतेक पुरावे गाडीवर नसून कडेला असतात.

सुरुवातीच्या रेषेवर दोन गाड्यांच्या मध्ये झेंडा घेतलेला माणूस उडी मारतोय की दिव्यांचा खांब आहे, हे आधी बघायचं. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात तो खांब एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९६३ पासून आला. खांब दिसला की फोटो बहुधा त्यानंतरचा. झेंडा दिसला तर मात्र घाई नको, लहान ट्रॅकवर जुन्या पद्धती रेंगाळल्या. मग पार्किंगकडे वळायचं. अमेरिकन कंपन्या त्या काळी दरवर्षी चेहरा बदलायच्या, त्यामुळे गर्दीतली सगळ्यांत नवी गाडी ‘याच्या आधीचा नाही’ एवढं ठामपणे सांगते. ५९ च्या शेव्हरलेचे मांजरीच्या डोळ्यांसारखे मागचे दिवे तर धुरातूनही ओळखू येतात.

माझा सर्वांत लाडका पुरावा म्हणजे नंबरप्लेट. कॅलिफोर्नियात १९५६ पासून पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं होती, १९६३ साली सगळ्यांना काळ्या पाटीवर पिवळी दिली. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, पण फिकट पाटीवर गडद अक्षरं की गडद पाटीवर फिकट, एवढं लांबूनही समजतं. टोचन करून आणणाऱ्या स्टेशन वॅगनची पाटी नुसती इंचभर कोपऱ्यात दिसली तरी पुरे. १९६९-७० पासून नव्या गाड्यांना निळी पाटी आली, ती कृष्णधवलमध्ये काळीसारखीच दिसते. शिवाय जुन्या काळ्या पाट्या रद्द झाल्या नाहीत, कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर त्या आजही भेटतात. १९५६ च्या आधीच्या पाट्याही काळ्याच होत्या. त्यामुळे फोटो त्याहून जुना नाही हे ठाऊक असेल तरच गडद पाटी ‘६३ किंवा नंतर’ एवढं सांगते, जास्त नाही.

जागेचं तसंच. मागे बर्फाचे डोंगर आणि लोकांच्या अंगात जॅकेट असतील तर पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या एनएचआरएच्या स्पर्धेचा संशय घ्यायचा, तिथे ती १९६१ पासून भरते आणि त्या काळी फेब्रुवारीत व्हायची. लायन्स ट्रॅक १९७२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, ऑरेंज काउंटीचा १९६७ ला सुरू होऊन १९८३ ला संपला. जागा नक्की झाली की वर्षांना आपोआप कुंपण पडतं. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर आणि जुन्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर महिना-वर्ष छापलेलं असतं, पण ती धुलाईची तारीख. रोल अर्धा भरून कॅमेरा कपाटात ठेवणारे लोक तिकडेही होतेच.

हे सगळं झाल्यावर गाडी. इथे चाकांची जागा बघायला शिका. १९६५ च्या काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांत क्रायस्लरने पुढची चाकं १० इंच आणि मागची १५ इंच पुढे सरकवली होती, मागच्या टायरवर वजन यावं म्हणून. बाजूने काढलेल्या फोटोत मागचं चाक दाराला भिडल्यासारखं आणि डिकी उगाच लांब दिसते. ड्रॅग रेसिंगमधल्या एका प्रकारच्या गाड्यांना ‘फनी कार’ म्हणतात, ते नाव या विचित्र ठेवणीतून रुळलं. पण कारखान्याने अशा मोजक्याच गाड्या काढल्या, आणि त्यांच्या नकला गॅरेजागॅरेजात झाल्या. म्हणून नुसती चाकं सरकलेली पाहून ‘कारखान्याची गाडी!’ म्हणून नाचू नये.

फोर्डची १९६४ ची थंडरबोल्ट सोपी वाटते. फेअरलेनचा सांगाडा, बॉनेटवर थेंबाच्या आकाराचा फुगवटा, आणि आतल्या दोन हेडलाइटच्या जागी जाळी, कारण तिथून इंजिनाला हवा जाते. अशा शंभरच्या आसपास बनल्या. पहिल्या अकरा गडद लाल, बाकी पांढऱ्या. पण फुगवट्याचं बॉनेट कुणीही बसवू शकतो. हेडलाइटच्या खळग्यात काच आहे की जाळी, हे बघायला पूर्ण चौकटीचा धारदार स्कॅन लागतो, आणि इथे स्कॅनरने पैसे वसूल करून दिले.

४१ च्या विलीज कूपने मात्र डोकं फिरवलंय. हलकी, आखूड गाडी म्हणून गॅस वर्गात तिची चलती होती. बिग जॉन मझ्मानियन या रेसरची लाल, स्टोन-वुड्स-कुक या टीमची निळी. कृष्णधवलमध्ये दोन्ही सारख्याच काळपट. दारावरची अक्षरं वाचता आली तर ठीक, नाहीतर ‘४१ ची विलीज, गॅस वर्ग’ एवढं लिहून पाकीट बंद करायचं. गाड्या दर हंगामात रंग बदलायच्या, मालकही बदलायचे. नावासकट ओळख पटलेली पाकिटं माझ्याकडे कमीच आहेत आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

बिनटपाच्या लांबलचक ड्रॅगस्टरमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या पुढे की मागे, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. १९७० च्या मार्चमध्ये लायन्सवर ड्रॅगस्टरचे नामांकित ड्रायव्हर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या पायाचा काही भाग गेला. पुढच्या वर्षी त्यांनी इंजिन मागे टाकलेली ‘स्वॅम्प रॅट १४’ आणून पोमोनाची विंटरनॅशनल्स जिंकली. हळूहळू सगळे त्यांच्या मागे गेले. हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा. पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्यानंतरही पळत होत्या.

फिल्म उलटी लागली तर हा स्कॅनर सांगत नाही. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं, नसतील तर स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते बघा. अमेरिकन गाडीत ड्रायव्हर उजवीकडे दिसला की फिल्म पालथी करा. ब्रिटनहून आणलेल्या छोट्या अँग्लिया गाड्या तेवढ्या घोळ घालतात.

‘फोटो टाका, गाडी सांगतो’ वाली ॲप्सही या स्कॅनवर चालवून पाहिली. साधी फेअरलेन आणि थंडरबोल्ट यांतला फरक ती सांगत नाहीत, पण आत्मविश्वास दोन्हीकडे सारखाच. त्याहून वाईट म्हणजे फोटो ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअर. अस्पष्ट ‘बी’चा ती सुबक ‘८’ करून देतात, आणि मग माणूस आयुष्यभर आठ नंबरची गाडी शोधत बसतो. मूळ स्कॅन वेगळा ठेवा, त्याला हात लावू नका.

तक्रारी आहेत. होल्डर अगदीच तकलादू, गुंडाळलेली जुनी फिल्म त्यात सपाट बसत नाही. फिल्म काचेला टेकली की फिजिक्सच्या पुस्तकातली न्यूटनची वलयं फोटोवर प्रत्यक्ष उमटतात. जाड पुस्तकांखाली फिल्म आठवडाभर दाबून ठेवल्यावर बरंच निभावतं. सोबतचं सॉफ्टवेअर चौकटी स्वतःच कापतं आणि रात्रीच्या शर्यतींचे काळेभोर फोटो कोरी फिल्म समजून गाळून टाकतं, म्हणून थंबनेल बंद करून हाताने चौकट आखावी लागते. वेगाबद्दल न बोललेलं बरं. एक पट्टी लावायची आणि चहा टाकायला जायचं.

तुमच्याकडे फक्त प्रिंट असतील तर हा घेऊ नका, साधा स्कॅनर पुरतो. निगेटिव्ह किंवा स्लाइड असतील तर घ्या, आणि सेकंडहँड घेतलात तरी हरकत नाही. फक्त पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा: झाकणातला दिवा लागतो का, काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरलंय का, आणि ३५ मिलीमीटरचा होल्डर सोबत आहे का. होल्डर हरवलेला असेल तर भाव पाडून मागा, कारण तो सुटा घ्यायला गेलात की किंमत ऐकून चक्कर येईल.