आठ वाघिणी, अकरा महिने: प्लास्टिक किटमधून बांधलेल्या कोळसा वॅगनचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे टेबलावर धावणाऱ्या छोट्या रेल्वेच्या, वॅगनची पहिली किट उघडली, आणि आता ऑगस्ट संपत आलाय. एवढ्या काळात आठ वॅगन बांधून, रंगवून झाल्या आणि जवळजवळ रोज रात्री जेवणानंतर रुळावर फिरल्या. किट हातात आल्याआल्या लिहिलेली मतं भरपूर वाचायला मिळतात. पण वॅगन कशी बांधली गेली आहे ते कळायला सहा महिने जावे लागतात, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

मी इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो. वॅगन निवडली ती ब्रिटिश रेल्वेची १६ टनी कोळसा वॅगन: चार चाकं, वर पोलादी उघडी पेटी. १९५० च्या दशकात अशा दोन लाखांहून जास्त वॅगन बनल्या आणि इथून जवळच्या टोटन यार्डातून त्यांच्या रांगा जायच्या. माझं लहानपण भुसावळचं. बाबा रेल्वेत होते, आणि पुलावर उभं राहून मालगाडीच्या वाघिणी मोजणं हा माझा रोजचा उद्योग. वाघीण हा शब्द मला अजूनही वॅगनपेक्षा जवळचा वाटतो.

प्रमाण १ फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६. खरी वॅगन साडेसोळा फूट लांब, टेबलावर ती ६६ मिमी होते. दोन रुळांमधलं अंतर मात्र या प्रमाणात बसत नाही. असायला हवं १८.८३ मिमी, असतं १६.५. भारतीय ब्रॉडगेज बघितलेल्या डोळ्याला इंग्लंडचे रूळ आधीच अरुंद वाटतात, त्यात हे आणखी. पहिले काही दिवस खटकलं, मग नजर सरावली.

बांधणीला दोन संध्याकाळी पुरतात. भाग चौकटीतून कटरने सोडवायचे, कडेची पापुद्री कानशीने काढायची, पेटी जोडताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावायचा. सगळा जीव आहे तो खालच्या सांगाड्यात. आसाची टोकं सुईसारखी असतात आणि ती पितळी बेअरिंगच्या खळग्यात फिरतात. दोन्ही बाजू जोडताना आस घट्ट बसला तर वॅगन ओढली जाते पण गडगडत नाही, सैल बसला तर चाक डुलतं. मी आता एक बाजू पूर्ण वाळू देतो, दुसरी ओली असतानाच चाकं बसवतो आणि वॅगन आरशाच्या काचेवर ठेवून चारही चाकं टेकतात का बघतो. एखादा कोपरा दाबल्यावर टकटक आवाज आला की सोडवून पुन्हा जोडायचं. पहिल्या दोन वॅगनना हे केलं नव्हतं. सांध्यावरून जाताना रुळावरून उतरणाऱ्या त्याच दोन.

आता मुख्य तक्रार, आणि ती माझ्या हाताची आहे. जानेवारीत लक्षात आलं की तीन वॅगनच्या लांब बाजू मधोमध आत झुकल्यात. बांधल्या तेव्हा त्या सरळ होत्या. किटचा पातळ सिमेंट म्हणजे गोंद नसतो, तो द्रावक असतो. प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो आणि मग हळूहळू उडून जातो. मी सांध्यात तो सढळ हाताने सोडला होता, वर पेटीच्या आतून प्लास्टिकचा जादा पत्रा चिकटवला होता. दोन थरांमध्ये अडकलेला द्रावक महिनोन् महिने बाहेर पडत राहिला आणि बाजूंना आत ओढत गेला. मला जमलेले उपाय दोनच. ब्रशाच्या टोकावर मावेल तेवढाच द्रावक घ्यायचा, आणि पेटीच्या आत मध्यावर प्लास्टिकची आडवी पट्टी टाकायची. वर कोळशाचा थर आला की पट्टी दिसत नाही. रिकामी दाखवायची असेल तर पट्टीला जागा नाही, तिथे हात आवरण्यावरच सगळं अवलंबून. झुकलेल्या तिघींपैकी दोन पट्टी ठोकून सरळ केल्या. तिसरीची बाजू पिचली.

दुसरा घोळ वजनाचा. नुसती प्लास्टिकची वॅगन इतकी हलकी की ढकलताना उडी मारते. चार चाकांच्या वॅगनला ५० ग्रॅमच्या आसपास वजन हवं असं इथले जुने लोक सांगतात, आणि मला ते पटलंय. सुरुवातीला मी तळाखाली शिशाचे छर्रे भरले आणि पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदाने पक्के केले. सहा महिन्यांनी तळ खालून फुगला. त्या गोंदातल्या आम्लाने शिसं खराब होतं, पांढरी पूड धरतं आणि ती पूड जास्त जागा मागते. कोंडलेल्या जागेत मग प्लास्टिकच हरतं. छर्रे खरवडून काढले, हात दोनदा साबणाने धुतले आणि आता लोखंडी वायसर एपॉक्सीने चिकटवतो. रुळाखाली लोहचुंबक लावून वॅगन जोडणारं कपलिंग सोडवत असाल तर लोखंड नको. मी हुकाने हाताने सोडवतो, त्यामुळे मला चालतं.

रंगकामाबद्दल मात्र कितीही लिहू शकेन. खऱ्या वॅगन फार लवकर गंजायच्या. ओला कोळसा आत, पाऊस वरून. आतली बाजू तर रंगवण्यापेक्षा गंजवावीच लागते. मी प्रायमरनंतर संपूर्ण वॅगनला गंजाचे तीन-चार तपकिरी रंग देतो, एनॅमलचे, ठिकठिकाणी मिसळून, एकसारखा हात न देता. दोन दिवस वाळू देतो. मग केसांना मारायचा हेअरस्प्रे हलक्या हाताने दोनदा, आणि त्यावर पाण्यात विरघळणारा राखाडी ॲक्रिलिक. तो हाताला कोरडा लागला की ओल्या, ताठ ब्रशाने दाराच्या कडा आणि वेल्डिंगच्या रेघा चोळायच्या. खालचा हेअरस्प्रे सुटतो, राखाडी पापुद्र्यासारखा निघतो आणि गंज उघडा पडतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी वॅगन दिव्याखाली धरून बराच वेळ नुसता बघत बसलो. दुसऱ्या दिवसावर हे काम ढकलू नका, तोवर ॲक्रिलिक घट्ट होतो आणि सोलता सोलत नाही.

आकडे आणि अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायच्या चकत्यांची. खाली चकचकीत वार्निश, वरून मॅट, म्हणजे कडेला चंदेरी धूसरपणा येत नाही. पावसाळी, दमट दिवशी मॅट वार्निश मारलं तर पांढरट धुकं धरतं. एका वॅगनवर ते अजून आहे. पेटीवरची पांढरी तिरपी रेघ शोभेची नाही बरं. वॅगन एका टोकाने तिरपी उचलून रिकामी करताना कोणत्या टोकाचं दार उघडतं, ते ती दाखवते. रेघेचं वरचं टोक त्या दाराकडे हवं. चौथ्या वॅगनला मी ती उलटी लावली होती. तीन महिन्यांनी कळलं, आणि मग ती खरवडून नवी लावल्याशिवाय चैन पडेना.

रोजचा वापर म्हणाल तर माझ्याकडे एका फळीवर छोटं यार्ड आहे, ॲलन राइट यांच्या इंगलनुक खेळाचं. तीन फाटे, एकात पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. आठांपैकी पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. असे ६७२० क्रम निघतात, म्हणजे कंटाळा यायला जागा नाही. याच खेळात वॅगन एकमेकींना शेकडो वेळा धडकल्या. टोकाचा, धक्का झेलणारा बफर एकही निघाला नाही. ब्रेकची नाजूक दांडी तीनदा मोडली, कारण वॅगन उचलताना बोटं नेमकी तिथेच जातात. ती किटमधल्या प्लास्टिकऐवजी पितळी तारेची करावी.

पैसे वाचतात म्हणून किट घेऊ नये. रंग, ब्रश, वार्निश, नवी चाकं धरली तर फारसं काही उरत नाही. किट घ्यायची ती आठही वॅगन वेगवेगळ्या गंजलेल्या हव्या असतील तर.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळी रांग दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "अरे, ह्यांना व्हॅक्यूमचा पाइप कुठंय?" इंजिनातून सगळ्या गाडीचे ब्रेक एकदम लावणारा पाइप, असं त्यांना म्हणायचं होतं.

"नाही बाबा, यातल्या बऱ्याच तशाच धावायच्या. नुसता हातब्रेक."

"मग उतारावर?"

"उतार लागायच्या आधी गाडी थांबवायची, गार्डाने काठीने एकेका वॅगनचा ब्रेक दाबून ठेवायचा. खाली गेल्यावर पुन्हा थांबून सोडायचा."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाइपवाली एक तरी बांध."

व्हॅक्यूम ब्रेक असलेल्या वॅगन राखाडी नसायच्या, तांबूस तपकिरी असायच्या. त्या रंगाची बाटली काल आली. नवव्या वाघिणीचा सांगाडा आत्ता काचेवर वाळतोय, चारही चाकं टेकली आहेत.