रत्नागिरीत लिनक्सचा पीसी बसला तर फॉरमॅट मारायच्या आधी इथे दाखवा

मारुती मंदिरवरून नाचणे रोडला लागलं की पहिल्या मजल्यावर एक छोटं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्याबद्दल लिहितोय. पाच स्टार देतोय, आणि का ते नीट सांगतो.

आमच्या पावसच्या आंबा पॅकिंगच्या ऑफिसात डेबियनवाला (लिनक्सचाच एक प्रकार) पीसी आहे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपग्रेड झाला, रीस्टार्ट केलं आणि थेट कर्नल पॅनिक, म्हणजे सुरू होतानाच सगळं ठप्प; रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या फाइली असतात तो मुख्य भाग) माउंट होईना, म्हणजे जोडलीच जाईना. ग्रबमधून (सुरू होतानाचा मेनू) जुना कर्नल निवडला तर तो इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टिम) प्रॉम्प्टवर येऊन थांबला, एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) हाताने चालवा म्हणून. एका ठिकाणी नेला तर न उघडताच बोलले डिस्क गेली, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. ऐन एप्रिलात! बागायतदारांचे पैसे द्यायचे बाकी आणि पेट्यांची सगळी नोंद त्यातच.

इथल्या दादाने आधी कर्नलचा नंबर विचारला. डिसेंबर 2023 मध्ये 6.1.64 कर्नलमध्ये खरंच ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) चा डेटा खराब करणारा बग होता, त्यापायी डेबियनने 12.3 आवृत्ती थांबवून लगेच 12.4 काढलं, 6.1.66 कर्नल घालून. आमचा त्यातला नव्हता. मग त्याने लाईव्ह पेनड्राईव्हवरून बूट करून स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढला. खराब सेक्टर शून्य, पण यूडीएमए सीआरसी एररचा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) आकडा भरमसाठ! म्हणजे डिस्क ठीक, डेटा जातोय त्या वाटेत गडबड. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल काढून दाखवली, टोकाच्या पिना काळ्या पडलेल्या. समुद्र इतका जवळ, खारी हवा वर्षभर, आपल्याकडे हे होणारच. अपग्रेडमध्ये एकदम भरपूर लिहिलं जातं, नेमकं तेव्हाच लिहिणं फेल झालं, जर्नल (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) मध्येच तुटलं म्हणून जुना कर्नल अडला, आणि नव्या कर्नलची इनिटआरडी फाइल (त्याचं इनिटरॅमएफएस) अर्धवट राहिली म्हणून नवा. दोन्ही कर्नल का अडले ते तेव्हा कळलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एवढं कळल्यावरही त्याने मूळ डिस्कवर एफएससीके मारलं नाही. नवी केबल लावली, डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि रिपेअर त्या कॉपीवर केलं, कारण एफएससीके दुरुस्त करताना फाइली उडवूही शकतं आणि मग मागे फिरता येत नाही. आधी ई2एफएससीके (ईएक्सटी4 साठीचं एफएससीके) नुसतं वाचायच्या मोडमध्ये चालवलं, मेन सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) खराब निघाला म्हणून 32768 नंबरच्या ब्लॉकवरचा बॅकअप सुपरब्लॉक देऊन. काही फाइली नाव जाऊन लॉस्ट+फाउंडमध्ये (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींचा फोल्डर) पडल्या होत्या, त्या माझ्या शेजारी बसून एकेक उघडून ओळखल्या. हिशोबाचा डेटाबेस पूर्ण मिळाला. शेवटी इनिटरॅमएफएस परत बनवून तोच नवा कर्नल चालू करून दाखवला.

पैसे आधी बोललेले तेवढेच घेतले. वेळ मात्र लागतो, कॉपी व्हायलाच तासन्‌तास जातात आणि मध्ये लाईट गेली की आणखी, घाई करून उपयोग नाही. फोन पटकन उचलत नाहीत, व्हॉट्सॲप करा. आणि जाताना तुमच्या डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क सोबत न्या, त्यांच्याकडच्या बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या कामात अडकलेल्या असतात.