तलावपाळीजवळचा छापखाना: साडेतीन स्टार, नाव सांगणार नाही

पहिल्यांदाच सांगते, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. नावाशिवाय रिव्ह्यू म्हणजे पत्ता नसलेली लग्नपत्रिका, मला कळतंय, पण छापखानेवाल्या काकांनीच सांगितलंय की ताई नाव नको, आणि का नको ते खाली येईलच. ज्याला खरंच छपाई करून घ्यायचीय त्याने मला विचारा, समोरासमोर सांगेन. ठाणे पश्चिम, तलावपाळीपासून चालत दहा मिनिटं, खाली झेरॉक्सवाला आणि पोटमाळ्यावर मशीन, एवढं पुरे.

मी कळव्याला राहते, नोकरी अकाउंट्समध्ये, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार. आमची मंडळी छोटी, रविवारी उपासनेला साठ-सत्तर माणसं. शहापूरकडच्या एका पाड्यावर दर शनिवारी आमचे तरुण जातात, मुलांचा अभ्यास घेतात, आणि ज्यांना ऐकायचं असेल त्यांच्यासाठी संध्याकाळी गाणी आणि बायबलचं वचन. सहा वर्षं चाललंय. या तरुणांसाठीच एक पुस्तिका काढायची ठरली, बत्तीस पानी, मोठ्या टायपात, विषय असा की आपल्याआधी जे या कामात पडले, मार खाल्ला, आपटले, तरी चिकटून राहिले त्यांची गोष्ट. वाटायला नाही हां, आमच्याच पोरापोरींनी वाचायला, कारण अर्ध्यांना वाटतं मिशन म्हणजे गिटार आणि फोटो.

आता छपाईबद्दल. आतला कागद मॅपलिथो, बरा आहे, मागचं पुढे दिसत नाही. सेंटर पिन सरळ. कव्हरचा रंग मरून सांगितला होता, आला वांग्याचा. काका म्हणाले मोबाईलवर तुम्हाला वेगळा दिसतो, छापल्यावर वेगळा येतो. असेल, पण मग एक नमुना काढून दाखवायचा ना आधी! आणि डीटीपी करणाऱ्या मुलाने आमची युनिकोडची फाईल त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतली तेव्हा 'दुसऱ्या'मधला र्‍ सगळीकडे फुटला आणि 'श्र'च्या जागी चौकोन. पहिल्या प्रुफात 'श्रीरामपूर' चौकोनरामपूर झालं होतं. बसून हाताने दुरुस्त केलं पोराने, एक शब्द उलट बोलला नाही, चहा मात्र माझ्याकडून दोन वेळा.

पण प्रुफं वाचण्यात काकांसारखा माणूस मी बघितला नाही. आमच्याकडे पाळकसाहेबांनी (म्हणजे आमचे पास्टर), मी आणि एका बीएडवाल्या ताईने वाचलेलं, तरी काकांनी फोन केला, "ताई, पान चोवीस, मुलगी आईच्या आधी गेली का नंतर?" पंडिता रमाबाईंचं पान होतं. आम्ही एका ओळीत रमाबाई १९२१ मध्ये गेल्या लिहिलं होतं आणि खाली मुलगी मनोरमा १९२१ मध्ये, आणि वर म्हटलेलं की मुलगी गेल्यावरही त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. बरोबर असं की मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. माणूस छापायचं काम करता करता वाचतो हे मला तिथे कळलं, नाहीतर बाकीचे छापखानेवाले कागद मोजतात आणि अक्षरं मोजत नाहीत.

त्याच फोनवर पुढचा प्रश्न, "आणि हे पान नऊ, हे आपल्या ठाण्यातलंच का हो?" आपल्या ठाण्यातलंच. १३२१ साल. चार फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू निघाले होते केरळातल्या कोल्लमला, वाऱ्याने जहाज आणलं ठाण्याला, इथल्या एका ख्रिस्ती घरात उतरले, पुढे काझीसमोर चौकशी झाली आणि चौघेही मारले गेले. त्यांच्यासोबतचा जोर्डानस नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू त्या वेळी इथे नव्हता, सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) बाजूला कामाला गेला होता. बातमी कळल्यावर त्याने त्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली, आणि मग पळून जायचं सोडून एकटाच या किनाऱ्यावर राहिला. त्याची पत्रं आहेत, त्यात तो रडतो, हाल सांगतो, आणि त्याच पत्रात आणखी माणसं पाठवा म्हणून मागतो, कुठे कुठे काम होऊ शकतं तेही लिहितो. १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. काकांचा जन्म ठाण्यातला, रोज सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चवरून जातात, म्हणाले साठ वर्षांत कोणी बोललं नाही हे. मी म्हटलं मलाही मागच्या वर्षीच कळलं.

तर तीनशे प्रती, एकोणीस रुपयाला एक, वेळेत मिळाल्या. इथपर्यंत साडेचार स्टार.

मग जुलै. गठ्ठे ठेवले होते पाळकसाहेबांच्या तळमजल्यावर, कारण माझ्याकडे लिफ्ट नाही आणि कोण चढवणार. एका रात्री पाणी आत आलं. चाळीस प्रती वाटून झाल्या होत्या म्हणून वाचल्या, बाकी दोनशे साठचा लगदा. मी स्वतः गच्चीवर दोरीला लावून बघितल्या काही, पिना गंजल्या आणि वांगी रंग सगळ्या पानांत उतरला.

त्यानंतर दहा दिवसांनी पाड्यावरून येताना रस्त्यात काही पोरांनी टेम्पो अडवला. कोण तुम्ही, काय शिकवता, पिशवीत काय आहे. व्हिडिओ काढला. मारहाण नाही झाली, ते खरं सांगायला हवं, पण आमच्यातली सर्वात लहान पोरगी एकोणीसची आणि ती थरथरत होती. चौकीवर दोन तास बसलो, जबाब घेतले, एका हवालदाराने चहा पाजला आणि सोडलं. व्हिडिओ मात्र फिरला. पुढच्या शनिवारी अकरा जणांपैकी चार आले. आयांचे फोन मलाच, कारण मी खजिनदार आणि बाई, पाळकसाहेबांना कोण ओरडणार. एक आई म्हणाली, "तुमच्या सेवेला माझी पोरगी नाही मिळणार." मी काय बोलणार, माझी असती तर मीही हेच बोलले असते.

आमच्यात काही जण आहेत ते अशा वेळी लगेच म्हणतात देव बघून घेईल, चला. मला याचा राग येतो. देव बघेलच, पण अंधार पडल्यावर घाटरस्त्याने पोरींना टेम्पोत बसवून आणायचं हे देवाने नाही सांगितलं, ते आपण कंटाळून वेळापत्रक न बनवल्यामुळे झालं.

तर मी ठरवलं बंद. निदान वर्षभर. आणि काकांकडे गेले उरलेले चौदाशे रुपये द्यायला आणि सांगायला की पुन्हा छपाई नाही होणार, सगळं भिजलं.

काका म्हणाले, "प्लेटा आहेत की."

मला कळलंच नाही. ऑफसेटला प्लेटा लागतात अॅल्युमिनियमच्या, काम झालं की बहुतेक जण भंगारात घालतात, किलोवर पैसे येतात. यांनी आमच्या आठही प्लेटा आणि कव्हरच्या चार, गम लावून, मध्ये कागद घालून, भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. का, तर "धर्माचं पुस्तक लोक परत छापतात." आरती संग्रहाच्या पण ठेवतात, हरिपाठाच्या पण. सवय.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, कारण पान सोळा मीच लिहिलेलं. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आला, पहिला माणूस बाप्तिस्म्याला तयार झाला १८०० च्या डिसेंबरात, मधल्या काळात मुलगा गेला, बायकोच्या मनावर परिणाम झाला, कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते म्हणून कलकत्त्याजवळच्या, डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात जाऊन बसला. आपल्या मराठीचं व्याकरण त्याने १८०५ ला छापलं, कोश १८१० ला, नवा करार १८११ ला. आणि ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग. तो कलकत्त्यात होता, आल्यावर बघतो तर हस्तलिखितं गेली, वर्षानुवर्षं जमवलेला अनेक भाषांचा कोश गेला, कागद गेला, टाइप वितळले. पण राखेतून अक्षरांचे पंच आणि साचे चांगले निघाले आणि छापायची यंत्रं शेजारच्या भागात होती ती वाचली. वितळलेलंच शिसं परत ओतून टाइप पाडले आणि काही आठवड्यांत छपाई सुरू. मी हे लिहिलं तेव्हा पुस्तकातलं वाचून लिहिलं होतं. त्या दिवशी पोटमाळ्यावर गमाचा वास आणि भिंतीला उभ्या त्या प्लेटा, आणि काका एका प्लेटेच्या कोपऱ्यावरचा डाग ओल्या स्पंजने पुसतायत. बंद म्हणायला आलेली मी दर विचारून बसले. चौदा रुपये प्रत, प्लेट आणि डीटीपीचा खर्च नाही म्हणून.

मग त्यांनी सांगितलं की त्यांनाही फोन आला होता. व्हिडिओत पुस्तिकेचं मागचं कव्हर दिसतं, त्यावर छापखान्याचं नाव. कोणीतरी विचारलं हे तुम्ही का छापता. काका घाबरले, लपवत नाहीत, काकू तर दोन दिवस झोपल्या नाहीत. छापतो म्हणाले, पण आमचं नाव काढा आणि कुठे लिहू नका. काकांना मी शूरवीर करणार नाही, त्यांना गिऱ्हाईक हवंच होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या छपाईत आम्ही कव्हरच्या आतली कोरी बाजू वापरली, एकच नवी प्लेट. त्यावर आमचे नियम, मोठ्या अक्षरात. जायच्या आधी सरपंच आणि पोलीस पाटलाला सांगायचं. दोघादोघांनी, ओळखपत्र जवळ. साडेपाचला टेम्पो सुटणार, कितीही गाणी राहिली तरी. खाऊ, वह्या, औषध यांच्या बदल्यात प्रार्थनेला बसवायचं नाही, कोणी 'नको' म्हटलं की विषय संपला. हा शेवटचा मी भांडून घातला. राज्यघटनेचं कलम २५ सगळ्यांना पाठ असतं की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, पण त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्थेची अट आहे आणि सुप्रीम कोर्टाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंय की प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणायचा हक्क नव्हे, हे आमच्या पोरांना कोणी सांगतच नाही. चौकीवर पहिला प्रश्न हाच होता.

डिलिव्हरी नऊ दिवस उशिरा. गणपती तोंडावर, सगळ्या मंडळांची पावती पुस्तकं त्यांच्याकडे, मी रोज फोन करायची आणि ते उचलायचे नाहीत. हे चूक आहे, काय असेल ते सांगा ना, उद्या नाही परवा, माणूस समजून घेतो. शेवटी ऑफिसातून थेट गेले तर मशीनवर आमचंच काम चालू होतं. एका बाजूला सुखकर्ता दुःखहर्ताची ताजी थप्पी, शाई वाळायला ठेवलेली, आणि दुसऱ्या बाजूला रमाबाईंचं पान, पुण्यात १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने हात काढून घेतला आणि पालकांनी त्यांच्या शारदा सदन शाळेतून मुली नेल्या ते. काकू दोन्हीकडची पानं जुळवत होत्या, मध्येच मला म्हणाल्या, "मुली परत आल्या का हो?" मी म्हटलं त्या नाही, पण पुढे दुष्काळात त्यांनी कितीतरी दुसऱ्या मुली उचलून आणल्या, केडगावला. "मग तुमच्या?" म्हणाल्या. म्हटलं सहा झाल्यात, एकोणिसाची अजून नाही. तिच्या आईला मी नियमांचं पान दाखवून आले, तिने वाचलं, काही बोलली नाही, ठेवून घेतलं.

गठ्ठे आता तीन घरांत, सगळे पहिल्या मजल्याच्या वर, त्यातलं एक माझं, पाठ अजून दुखतेय.

अर्धा स्टार रंगाचा कापला, एक फोन न उचलण्याचा. कव्हर या वेळी मरूनच आलंय. गेलात तर अकराच्या आधी जाऊ नका, शटर अर्धं असतं, आणि जिन्याची तिसरी पायरी हलते, जपून. प्लेटा परत नेता का म्हणून काकांनी विचारलं, मी म्हटलं तुमच्याकडेच असू देत.