घरात कुत्रं-मांजर आहे? मग कण्हेर की जास्वंद, सागो की अरेका?

विषारी झाडांच्या याद्यांमध्ये मनी प्लांट आणि कण्हेर एकाच रांगेत असतात. त्या वाचून घाबरून सगळ्या कुंड्या वाटून टाकायची गरज नाही. मनी प्लांट, अळू, डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे टोकदार स्फटिक असतात. पिल्लाने पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, कधी उलटीही होते. जिवावर सहसा बेतत नाही. कुत्र्यासाठी कुंडी उंच टांगली की भागतं. मांजराला उंचीचं काय कौतुक! तिथे सरळ स्पायडर प्लांट लावा, तो विषारी नाही.

कण्हेरीची गोष्ट वेगळी. पान, फूल, साल, सगळ्यांतच थेट हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि पान वाळलं तरी ते जात नाही. म्हणजे छाटणी करून कोपऱ्यात लोटलेला ढीगही तितकाच वाईट. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बियाही तशाच घातक. कण्हेर कमी पाण्यावर तगते, गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत, हे गुण मान्य. तरी कुत्रं मोकळं फिरणाऱ्या अंगणात मी ती ठेवणार नाही. पूजेला फुलं हवीत ना? जास्वंद लावा. कुत्र्याने चार फुलं खाल्लीच, तर फार तर पोट बिघडेल.

नर्सरीत ‘पाम’ मागितला तर नीट बघून घ्या. अननसासारखं खवल्यांचं बुटकं खोड आणि हाताला टोचणारी पानं असतील तर तो सागो, म्हणजे सायकस. खरा पाम नव्हेच. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बी सर्वांत जास्त. कुत्र्याचं यकृत निकामी होतं. पिवळसर दांड्यांचा झुबका आणि मऊ पानं असतील तर अरेका. तो बिनधास्त आणा.

मांजर असेल तर लिलीचा गुच्छ घरात नकोच. अंगावर पडलेले पराग चाटले तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मोगरा, गुलाब चालतील.

खताकडेही लक्ष द्या. एरंडीच्या पेंडीच्या वासाने कुत्री कुंडी उकरतात, आणि तिच्यात रिसिन हे एरंडीचं जहाल विष राहिलेलं असू शकतं. त्यापेक्षा गांडूळखत बरं.

काही खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. चावलेली फांदी पिशवीत घालून लगेच पशुवैद्यांकडे न्या.