हार्डवेअर किल्लीचे नऊ महिने: दिवा लुकलुकतो, पण कशासाठी ते सांगत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या सिक्युरिटी कीने मलाच दाराबाहेर उभं केलं, म्हणून हे आत्ता लिहितेय. नाहीतर वर्ष पूर्ण झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. (मराठीत 'की' लिहिलं की वाक्याचा विचका होतो, तेव्हा इथून पुढे किल्ली.) यूएसबीत खोचायची, मधल्या सोनेरी गोलावर बोट टेकवायचं, लॉगिन. फिडो-२, एनएफसी वगैरे नेहमीचं सगळं आहे, त्यात शिरत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण मला सगळ्यात जास्त खुपणारी खोड बाजारातल्या बहुतेक किल्ल्यांना आहे.

ती खोड म्हणजे दिवा. दिवा लुकलुकला म्हणजे 'बोट लाव' इतकंच कळतं. कोण मागतंय, कुठल्या सर्व्हरसाठी, कशावर सही होणार, काही पत्ता नाही. कोऱ्या कागदावर अंगठा उठवावा तसं.

घेतली कशाला ते आधी सांगते. लॉगिनला पासवर्डसोबत फोनच्या अ‍ॅपमधला सहा आकडी कोड टाकायचा, त्यावर माझं छान चाललं होतं. मग ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्टचे तयार कोड जिथून घेतात ते भांडार) चॉक, डीबग अशा १८ पॅकेजांत चोरटा कोड घुसवला गेला. ती सांभाळणारा माणूस नवशिका नव्हता, टू-फॅक्टरही, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणीही, चालू होतं. 'तुमचं टू-फॅक्टर अपडेट करा' अशी मेल आली, पत्ता खोटा, एनपीएमजेएस डॉट हेल्प, आणि त्याने पासवर्डसोबत तो सहा आकडी कोडही तिथे भरला. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो हे खरं, पण खोट्या पानाला तोच कोड खऱ्या साइटवर टाकायला तेवढा वेळ भरपूर होतो. किल्लीचं तसं नाही. आपण नेमके कुठल्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या कुठल्या पत्त्यावर, आहोत हे ब्राउझर स्वतः तिला सांगतो आणि सही त्या डोमेनपुरतीच होते. खोट्या डोमेनसाठी तिच्याकडे काही नोंदच नसते, त्यामुळे मी कितीही पेंगत असले तरी ती देणार काय? हे वाचून त्याच आठवड्यात किल्ली मागवली. एकच. 'दोन घ्या' असं जिथे तिथे लिहिलेलं होतं, मला वाटलं विकणारे असंच म्हणणार.

वेबसाइटवर लॉगिन करताना पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एक तक्रार नाही. तो भाग इथेच संपला.

तक्रार टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या खिडकीत. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित शिरायची सोय) चावी, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, अशा किल्लीला बांधता येते आणि गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) २.३४ पासून त्याच चावीने कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलावर, डिजिटल सहीही करता येते. हौशीने दोन्ही चालू केलं. तिसऱ्याच दिवशी २३ कमिटांची ब्रँच (कोडची वेगळी शाखा) रिबेस करायला, म्हणजे नव्या पायावर पुन्हा रचायला, घेतली. रिबेसमध्ये प्रत्येक कमिट नव्याने बनतं, म्हणजे प्रत्येकावर नवी सही, प्रत्येक सहीला एक स्पर्श. २३ वेळा बोट. सतराव्याला फोन आला, बोट लावायचं राहिलं, रिबेस मध्येच लटकलं. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता. स्पर्श न मागणारी चावीही बनवता येते, पण सर्व्हरनेही ते मान्य करावं लागतं आणि आमचा करत नव्हता.

मग सवय झाली, आणि खरी गडबड सवयीत होती. दुसऱ्या महिन्यापर्यंत डोळे स्क्रीनवर आणि डावं बोट आपोआप किल्लीवर, कानाला डास चावला की हात जातो तसं. एका दुपारी दोन्ही हात खाली ठेवून एक लांबलचक लॉग वाचत होते. काही टाइप केलेलं नाही, काही चालवलेलं नाही, आणि दिवा लुकलुकायला लागला. बोट निम्म्यात गेलं आणि थबकले. मी तर काहीच मागितलेलं नाही! थोडा वेळ लुकलुकून दिवा विझला. तीन मिनिटांनी पुन्हा लागला.

पोटात गोळा आला, कारण टेस्ट सर्व्हरवर मी एजंट फॉरवर्डिंग (माझ्या चाव्यांनी सही करून देणारा प्रोग्राम, एजंट, त्या सर्व्हरलाही वापरू देणं) चालू ठेवून बसले होते आणि त्या मशीनवर पाच जणांकडे रूट, म्हणजे सर्वाधिकार, आहे. एजंट फॉरवर्ड केला की पलीकडचा रूट माझ्या एजंटकडे सही मागू शकतो आणि दिवा इथे माझ्या टेबलावर लागतो. चावी चोरीला जात नाही, ती चिपमधून बाहेर येतच नाही, पण सही मात्र मी माझ्या बोटाने देऊन बसते. डेस्कटॉपवर सूचना उमटते, तिच्यात चावीचा फिंगरप्रिंट (बोटाचा ठसा नव्हे, चावी ओळखायची अक्षरांची खूण) दिसतो. कशासाठी, ते तिथेही नाही.

तासभर प्रोसेस चाळल्यावर चोर सापडला: माझा एडिटर. दर तीन मिनिटांनी मागच्या मागे गिट फेच करायचा, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आणायचा, पर्याय त्यात मीच कधीतरी चालू केला होता. म्हणजे दोन महिने दिवसातून कितीतरी वेळा मी एडिटरला न विचारता परवानगी देत होते. त्यांतली एखादी दुसऱ्याच कुणाची असती तरी तितक्याच प्रेमाने दिली असती. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये घुसखोर शिरला तोही याच वाटेने. एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर लॉगिनच्या विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मान्य केली. मी तेव्हा त्या माणसाला हसले होते.

त्या दुपारनंतर मत बदललं. दिव्याला तोंड नाही ही खोड कायम आहे, पण तो उगाच लागत होता ते माझ्या कामाच्या पद्धतीमुळे. एडिटरचं आपोआप फेच बंद केलं. सर्व्हरवरून नुसतं वाचायचं असेल तिथे फक्त वाचण्याची मुभा देणारा टोकन (पासवर्डऐवजीचा कोड) वापरते, एसएसएच नाही. एजंट फॉरवर्डिंग काढून टाकलं, मधल्या सर्व्हरवरून पुढच्यावर उडी मारायला एसएसएचमध्येच प्रॉक्सीजंप नावाची सोय आहे आणि त्यात मधल्या मशीनला एजंट दिसतही नाही. हे २०१६ पासून उपलब्ध होतं, मी जुन्या कॉन्फिग फाइलवर दिवस काढत होते. कमिटांची कापाकापी आता सही बंद ठेवून करते, शेवटी जी तीन-चार उरतात त्यांवरच सही. आता दिवा दिवसात दहा-बारा वेळा लागतो आणि प्रत्येक वेळी का लागला ते मला माहीत असतं.

याचा एक फायदा मागितला नव्हता तरी मिळाला. स्पर्श दुर्मीळ झाल्यावर बोट लावण्याआधी मी डिफ, म्हणजे काय बदललं त्याची यादी, वाचायला लागले. परवाच त्यात टेस्टच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा खरा पासवर्ड दिसला. पुश झाल्यावर, म्हणजे सर्व्हरवर चढल्यावर, पुढच्या कमिटमध्ये पुसून काही होत नाही, इतिहासात तो राहतोच. पासवर्डच बदलावा लागला असता. चार तारे.

आता गेला आठवडा. रोजच्या लॉगिनला नुसता स्पर्श पुरतो, किल्लीचा पिन क्वचितच लागतो. म्हणून विसरले. तीन वेळा चुकला की किल्ली काढून परत खोचायला लावते, आणि आठवी चूक झाली की कुलूप. त्यावर इलाज एकच, रीसेट. त्यात आतलं मूळ गुपितच नवं होतं, म्हणजे सगळ्या साइटवरच्या जुन्या नोंदणी आणि एसएसएचच्या चाव्या निकामी. आठवा प्रयत्न मी रागाच्या भरात केला, तो माझा दोष. मात्र आणखी किती संधी उरल्यात ते स्क्रीनवर कुठेही दिसलं नाही, तो माझा नव्हे.

दुसरी किल्ली चौथ्या महिन्यात नाइलाजाने घेतली होती, तिने वाचवलं. फक्त माझं डोमेन जिथे नोंदवलंय त्या रजिस्ट्रारकडे एका खात्याला एकच किल्ली चालते, आणि तिथे पहिलीच होती. किल्ली नसताना आत शिरायचे रिकव्हरी कोड जपून ठेवले होते, जुन्या लॅपटॉपवर, जो मी फॉरमॅट करून देऊन टाकला.

सपोर्टला लिहिलं. पहिले दोन दिवस ठरीव उत्तरं, 'कॅश साफ करून पाहा'. मी चिडून लांबलचक मेल लिहिली. तिसऱ्या दिवशी चॅटवर एका माणसाने नाव, जन्मतारीख आणि शेवटच्या बिलाचा नंबर विचारला आणि वीस मिनिटांत टू-फॅक्टर उडवून दिलं. मी आत गेले आणि मगच खरी चिडले. बिलं माझ्या मेलमध्ये असतात, जन्मतारीख कुणालाही सापडेल. डोमेन ज्याच्या हातात तो माझी मेल हवी तिकडे वळवणार, आणि मेल ज्याच्या हातात तो बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट करणार. नऊ महिने मी एका दिव्यावरून डोकं पिकवत होते आणि मागचं दार हे असं.

त्यांना तसं कळवलं, तर तिकीट 'समस्या सुटली' म्हणून बंद झालं आणि खाली किती तारे द्याल ते विचारलं. डोमेन हलवायचं ठरवलंय. दोन किल्ल्या नोंदवू देणारा दुसरा रजिस्ट्रार शोधला, ट्रान्सफरचा कोड, म्हणजे डोमेन हलवायची गुप्त परवानगी, मागितला. तो यांनी मेलमध्ये पाठवला, साध्या मजकुरात, आणि विषयाच्या ओळीतही.