पोर्शे ते बेंटली, नऊ महिने: असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने वापरल्यानंतरचा अनुभव

मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमचं स्टिअरिंग व्हील घरी आलं आणि आता नवतपा, म्हणजे मे अखेरचं ऊन चालू आहे, म्हणजे नऊ महिने झाले. सेकंडहँड होतं, इतवारीतल्या एका पोट्ट्याकडून घेतलं, आणि त्या दिवशी तिकडे जायचं नसतं हे नागपुरात जन्म काढूनही मला सुचलं नाही. दोन तास मिरवणुकीत अडकलो, ॲक्टिव्हावर पायाशी खोका, आजूबाजूला लोक ओरडून राहिले, इडा पीडा घेऊन जा गे मारबत. आता वाटतं की तेव्हाच पहिल्या कॉर्नरवर घुसणाऱ्यांचीही नावं जोडून द्यायला पाहिजे होती.

व्हील कोणतं, पेडल कोणते, यावर लिहीत नाही, ते सगळं इंटरनेटवर भरलेलं आहे. मला सांगायचं आहे ते गाडी निवडण्याबद्दल, कारण माझे पहिले तीन महिने फोकट गेले ते त्याच्यातच, आणि कोणी वेळेवर सांगितलं असतं तर बऱ्याच लोकांच्या शिव्या वाचल्या असत्या (माझ्या कमी, त्यांच्या जास्त).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, म्हणजे एसीसी, ही कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीची गेम, २०१९ च्या मे मध्ये पूर्ण रूपात आली, आणि तिच्यात मुख्य माल म्हणजे जीटीथ्री गाड्या. जीटीथ्री म्हणजे रोडवरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेसिंगची गाडी, साधारण ५००-५५० हॉर्सपॉवर, वजन १२००-१३०० किलो, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस दिल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा) असलेली. आपला रेसर अर्जुन मैनी डीटीएम या जर्मन रेस मालिकेत मर्सिडीजची जी चालवायचा ती याच जातीची. आता पोर्शेचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, फेरारीचं मधे, बेंटलीचं पुढे, मग या सगळ्या एका रेसमध्ये कशा धावतात? तर बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे बीओपी. जी गाडी पुढे पळते तिच्यावर वजन टाकायचं, इंजिनची हवा कमी करायची, आणि गेममध्ये हे दर ट्रॅकला वेगवेगळं असतं. मोंझाला एक हिशोब, ब्रँड्स हॅचला दुसरा.

हे ऐकून मला वाटलं होतं की मग सगळ्या सारख्याच, कोणतीही घ्या. तसं नाही. बीओपीमुळे चांगल्या ड्रायव्हरच्या एका लॅपचा टाइम जवळपास येतो, पण तो टाइम काढायला गाडी किती त्रास देते ते सारखं होत नाही. एक गाडी तुमच्या दहा चुका पोटात घालते, दुसरी पहिल्याच चुकीला गरकन फिरून मागच्या पाच जणांच्या तोंडाला तोंड देऊन उभी राहते. लॅप टाइमच्या तक्त्यात हे दिसत नाही न भाऊ.

मी काय केलं, तर तक्ता पाहिला. त्यात पोर्शे वर होती, आणि लहानपणापासून वहीच्या कव्हरवर पोर्शेच, म्हणून ९९१ घेतली. मागे जड, पुढे हलकी. ब्रेक मारत वळलो आणि पाय थोडा पटकन उचलला की मागचं टोक पुढे यायला निघालंच. एकट्याने प्रॅक्टिस करताना मस्त, मोंझाला चाळीस लॅप मारले तर त्यातले सहा असे झाले की आईला बोलावून दाखवावे वाटलं. पण रेसमध्ये समोर एक, बाजूला एक, आरशात एक, आणि तेव्हा ब्रेकवरचा पाय तसाच हळू उचलता यायला पाहिजे की नाही? नाही आला. बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकच्या पहिल्याच वळणावर, ला सोर्सवर, मी एकाच संध्याकाळी तीनदा फिरलो आणि तीनदा वेगवेगळ्या माणसाची रेस खाल्ली. तिसऱ्याने चॅटमध्ये फक्त एक टिंब टाकलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आमची लीग आहे, छोटीच, वीस-बावीस जण, अर्धे नागपूरचे, बाकी अमरावती, पुणे, दोन जण हैदराबादचे. दर रविवारी रात्री साडेनऊला एक तासाची रेस. नवीन सीझनला गाडी एकदा निवडली की शेवटपर्यंत तीच. त्यात अकरा जणांनी फेरारी २९६ टाकली, जी २०२३ च्या डीएलसीत (नंतर विकत घ्यायच्या जोडपॅकमध्ये) आली, म्हणजे वेगळे पैसे. यावरून ग्रुपवर जी भांडणं झाली ती लिहायला बसलो तर पोळा परत येईल. एकाचं म्हणणं, सगळ्यात वेगवान गाडी घेणं म्हणजे चीटिंग. दुसरा म्हणे, नियमात आहे तर काहून नाही घ्यायची बे?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वेगवान गाडी घेणं चीटिंग नाही, यादीत आहे म्हणजे आहे. अन्याय तेव्हा होतो जेव्हा लीगवाले अकरा सारख्या गाड्या पाहून गप्प बसतात. आमच्याकडे शेवटी आधीच्या रेसमध्ये पहिल्या तिघांत आलेल्याला पुढच्या रेसला जास्तीचं वजन, असं ठरलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हरप्रमाणे किलो टाकता येतात, त्यामुळे ॲडमिनला पाच मिनिटांचं काम, पण ते ठरवायला तीन आठवडे आणि दोन जणांचं रुसणं लागलं. आणि गंमत अशी की त्या अकरा फेरारीवाल्यांतले सहा जण सीझनच्या शेवटी खालच्या अर्ध्यात होते. गाडी वेगवान होती, ते नव्हते. मी त्यांना हसत नाही, मी पोर्शेवाला.

मग मी बेंटली घेतली. हो, बेंटली कॉन्टिनेन्टल, तीच वरातीत शोभेल अशी लांबलचक गाडी, पुढे चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही८. ग्रुपवर हत्ती, ट्रक, मंगल कार्यालय, सगळी नावं ठेवून झाली. पण हिने २०२० चं बाथर्स्ट १२ अवर जिंकलं आहे, खरं, गेममधलं नाही, तेव्हा हत्ती म्हणा पण मान राखून म्हणा. वळणात शिरताना नाक जरा आळशी आहे, हळू कॉर्नरमध्ये वाट पाहावी लागते, पण मागचं टोक जागचं हलत नाही. ब्रेक सात मीटर उशिरा लागला तरी ती जरा रुंद जाते आणि परत येते, कोणावर जाऊन पडत नाही. एका लॅपला मी पोर्शेपेक्षा अर्धा सेकंद हळू होतो, आणि एका तासाच्या रेसला पोर्शेपेक्षा सरासरी सहा जागा पुढे यायला लागलो. कारण साधं आहे, मी ट्रॅकवर राहून राहिलो होतो.

अजून एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. तुमची गाडी तुम्हाला कळते म्हणजे मागच्यालाही तुम्ही कळता. तुम्ही दर लॅपला त्याच जागी ब्रेक मारता, त्याच रेषेवर वळता, तर मागचा तुमच्यावर भरवसा ठेवून बाजूला येऊ शकतो. पोर्शेत असताना कोणी माझ्या बाजूला येत नव्हतं, मला वाटे आपण डिफेन्स चांगला करतो. डिफेन्स कसला, लोक भीत होते.

आता फेअर रेसिंगचं. कागदावर नियम सोपे आहेत. एफआयए, म्हणजे जगभरच्या कार रेसिंगची संस्था, तिच्या इंटरनॅशनल स्पोर्टिंग कोडचं अपेंडिक्स एल आहे, त्यात बचावासाठी एकापेक्षा जास्त वेळा दिशा बदलू नका, दुसऱ्याला ट्रॅकच्या बाहेर ढकलू नका, असं स्पष्ट दिलं आहे. लीगमध्ये आम्ही वर दोन घरच्या ओळी जोडल्या, ब्रेक लागल्यावर हलायचं नाही, आणि गवतातून परत येताना थांबून पाहायचं. एवढंच. वर्धा रोडवर छत्रपती चौकात आपण जे करतो त्याच्या बरोबर उलटं, असं एकाने लिहिलं होतं आणि ते सगळ्यांना लगेच समजलं.

भांडण होतं ते एकाच जागी, आतल्या बाजूने घुसण्यावर. पुढचा वळायला लागला तेव्हा तुम्ही त्याच्या किती बाजूला होता? आमच्याकडे निदान पुढचं चाक त्याच्या दरवाजापर्यंत, असं धरतात, नसेल तर कॉर्नर त्याचा, आपण मागे हटायचं. डिसेंबरमध्ये मोंझाला, पहिली शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), रेत्तिफिलो, जिथे ताशी अडीचशेच्या वरून एकदम पहिल्या-दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, तिथे मी अमरावतीच्या एका भावावर आतून घुसलो. तो पॉइंट्समध्ये चौथा होता, भिंतीत गेला, रेस संपली. मी रात्रीच स्टुअर्डला, म्हणजे लीगच्या पंचाला, लिहून टाकलं, नेटकोड, म्हणजे दोष माझा नाही, ऑनलाइन जोडणीचा. आणि मला खरंच तसंच वाटत होतं, शपथ.

नेटकोडचं काही खोटं नाही. ताशी २०० ला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते, म्हणजे एक दशांश सेकंदात साडेपाच मीटर, एका गाडीपेक्षा जास्त. माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, सिंगापूरला ८०-९० मिलिसेकंद, युरोपला १६०-१८०, तेव्हा युरोपच्या सर्व्हरवर समोरची गाडी मला जिथे दिसते तिथे ती असेलच असं नाही, मधला भाग गेम अंदाजाने भरते. पण मोंझाची ती रेस सिंगापूरच्या सर्व्हरवर होती, आणि दुसऱ्या दिवशी रिप्ले त्याच्या कॉकपिटमधून पाहिला. तो वळला तेव्हा माझं नाक त्याच्या मागच्या चाकापाशी होतं आणि माझी चाकं लॉक होण्याच्या बेतात. तो वळला नसता तरी मी थांबलो नसतो. फोन केला, म्हटलं भाऊ चुकलो. तो म्हणे, "काहून बे, बस सुटून राहिली होती का?" पुढच्या रेसला ड्राइव्ह-थ्रू (पिट लेनमधून हळू जायची शिक्षा) भोगला आणि गप्प बसलो. तेव्हापासून एक सवय लावली, स्टुअर्डला काही लिहायच्या आधी रिप्ले समोरच्याच्या सीटवरून पाहायचा. दहा तक्रारींतल्या सात लिहिल्याच गेल्या नाहीत.

लीग सोडून पब्लिक सर्व्हरवर जायचं असेल तर एसए रेटिंग पाहतात, म्हणजे न धडकता चालवण्याचे गुण. सर्व्हरवाला एसए इतका पाहिजे, त्या ट्रॅकवर नीट चालवून मिळणारी तीन मेडल पाहिजे, अशी अट ठेवू शकतो, आणि खरं सांगतो, अट नसलेल्या सर्व्हरवर जाऊच नका, तिथे संक्रांतीला गच्चीवर जसं चालतं तसं आहे, जो दिसला त्याला काप. माझ्या दोस्ताकडे आयरेसिंग ही दुसरी ऑनलाइन रेसिंग गेम आहे, तिथे हिशोब अजून कडक, गाडी ट्रॅकच्या बाहेर गेली की दंडाचा एक पॉइंट, गाडी फिरली की दोन, जोरात धडक झाली की चार, आणि चूक कोणाची हे पाहतच नाहीत, दोघांनाही लागतात. सुरुवातीला हा अन्याय वाटतो. मग हळूहळू तुम्ही दुसऱ्याची चूक होण्याआधीच ओळखून बाजूला व्हायला लागता, आणि बहुतेक त्यांना तेच पाहिजे असावं. पण त्याचा खर्च, महिन्याची वर्गणी वेगळी, बहुतेक गाड्या वेगळ्या, ट्रॅक वेगळे. मला एसीसी एकदा घेऊन मोकळं होणं परवडलं.

किरकोळ पण कामाचं. वायफायवर रेस करू नका, केबल ओढा, घरचे नावं ठेवतील तर ठेवू द्या, कारण तुमची गाडी उड्या मारत असेल तर ठोकर तुम्हाला नाही, मागच्याला लागते. टायर प्रेशर गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआयमध्ये ठेवा, बाकी सेटअपला सुरुवातीला हात लावू नका. गेमसोबत तयार मिळणाऱ्या सेफ सेटअपने लाज वाटायचं कारण नाही, मी अजून अर्ध्या ट्रॅकवर तोच वापरतो. रडार (आजूबाजूच्या गाड्या दाखवणारं स्क्रीनवरचं चित्र) चालू ठेवा, एका मॉनिटरवर बाजूचा दिसत नाही.

आणि आपल्या इथली खास अडचण, मे महिना. माझी खोली वरच्या मजल्यावर, मनीष नगर, रात्री साडेनऊलाही भिंती तापलेल्या. कूलर लावला तर इंजिनचा आवाज ऐकू येत नाही आणि मी गिअर आवाजावर टाकतो, बंद ठेवला तर घामाने व्हील हातातून सुटतं. दोन रेस रुमाल बांधून चालवल्या. एप्रिलमध्ये एकदा लाईन गेली, इन्व्हर्टरवर पीसी तगला पण राउटर नाही, आणि मी तिसऱ्या नंबरवर असताना जागच्या जागी गायब झालो. मागच्याने नंतर सांगितलं की त्याला वाटलं मी सौजन्य दाखवून बाजूला झालो.

गेल्या रविवारी कियालामीच्या ट्रॅकवर शेवटचे सात मिनिटं तोच अमरावतीवाला आणि मी, चौदाव्या जागेसाठी, चौदाव्या. तीन कॉर्नर सलग बाजूबाजूने, तो बाहेरून, मी आतून, त्याने प्रत्येक वेळी एका गाडीची जागा सोडली आणि मी पण, आणि शेवटी तो दोन दशांशाने पुढे. मी हेडफोन काढला तर खालून आई ओरडून राहिली होती की कूलरमध्ये पाणी कोण टाकेल, पंप कोरडा चालून राहिला. पुढच्या सीझनची नावं शनिवारपर्यंत द्यायची आहेत. त्याने फेरारी सोडून बेंटली टाकली म्हणे.